पूना डिव्हिजनचे खंदक

'मोर्चा' हा शब्द आपण आज फार सैलपणे वापरतो. मंत्रालयावर मोर्चा निघतो, निवडणुकीआधी पक्षांची मोर्चेबांधणी सुरू होते. मूळ शब्द फारसी, 'मोर्चाल'. शत्रूच्या माऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून खणून, माती रचून केलेली जागा. बखरींत 'मोर्चे लावले' असे येते तेव्हा कोणी घोषणा देत चाललेले नसते. किल्ल्यासमोर माणसे मातीत बसलेली असतात. मोर्चा चालायला लागला तो अगदी अलीकडे.

'खंदक' हा शब्द मात्र जागेवरून हललेला नाही. तो आपल्याकडे अरबीतून आला, अरबीत तो जुन्या फारसीतून गेला, आणि त्याच्या मुळाशी 'खणणे' असाच अर्थ आहे. आपल्या खणण्याचे आणि या खंदकाचे नाते फार दूरचे, पण रक्ताचे आहे. इस्लामच्या इतिहासात तर एका लढाईचे नावच खंदक आहे. इ. स. ६२७मध्ये मक्केच्या कुरैशांनी मित्रटोळ्यांसह मदीनेवर चाल केली, तेव्हा शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणावा असा सल्ला सलमान नावाच्या इराणी अनुयायाने दिला, अशी परंपरा आहे. अरबांना ही युक्ती नवी होती. घोडेस्वार खंदकाच्या काठाशी येऊन थबकले. मदीनेतले पीक आधीच घरात आले होते. बाहेरच्यांचा मात्र दाणा आणि वैरण संपत आली, थंड वारे सुटले, आणि काही आठवड्यांनी वेढा उठला. आत कोण, बाहेर कोण, आणि आधी कोणाचा दाणा संपतो, हे या गोष्टीतले खरे गणित आहे. पुढे ते वारंवार लागणार आहे.

या सलमानची कबर बगदादच्या दक्षिणेला तैग्रिस नदीकाठी दाखवतात. त्या गावाचे नावच सलमान पाक. शेजारी प्राचीन टेसिफॉन नगराची प्रचंड विटांची कमान उभी आहे. नोव्हेंबर १९१५मध्ये या कबरीच्या आणि कमानीच्या परिसरात तुर्की सैन्याने खंदकांच्या दोन रांगा खणल्या होत्या आणि त्यांच्यावर चालून गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन. इतिहासात योगायोगांना फार किंमत देऊ नये, हे मला मान्य आहे. पण मराठी वाचकाने या योगायोगापाशी घटकाभर थांबावे, असे मात्र मला वाटते.

या डिव्हिजनच्या नावात पुणे होते आणि माणसांतही महाराष्ट्र होता. १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा या तीन पलटणी तिच्यात होत्या. शिवाय खडकीच्या 'सॅपर्स अँड मायनर्स'च्या, म्हणजे लोकांच्या तोंडी 'सफरमैना' झालेल्या दलाच्या, १७ आणि २२ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. पूल बांधणे, सुरुंग लावणे आणि खंदक आखणे हे त्यांचे काम. सैन्य ६ नोव्हेंबर १९१४ला फाव येथे उतरले तेव्हा उद्देश इराणच्या आखातातील तेल आणि बसरा राखण्याचा होता. मग कुरना, अमारा, कुत अशी एकेक पायरी चढत, सेनापती टाउनशेंडच्या हाताखाली ते बगदादच्या ओढीने वर सरकत गेले.

पहिल्या महायुद्धातला खंदक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्स-फ्लँडर्सचा चिखल येतो. तिथेही भारतीय शिपाई १९१४च्या शरदातच पोहोचले होते आणि खंदकाची रचना कशासाठी तशी असते, हे त्यांच्याच एका प्रसंगातून नीट कळते. खंदक कधीच सरळ खणत नाहीत. दर काही हातांवर न खणलेल्या मातीचा एक आडवा ठोकळा मध्ये सोडतात आणि खंदक त्याला वळसा घालून पुढे जातो. आकाशातून पाहिले तर किल्ल्याच्या तटावरच्या चऱ्यांसारखी नक्षी दिसावी. गोळा एका कप्प्यात पडला तर त्याचे तुकडे शेजारच्या कप्प्यात जाऊ नयेत आणि शत्रू एका टोकाने आत शिरला तर त्याला सगळ्या लांबीवर गोळ्या झाडता येऊ नयेत, म्हणून ही सोय. पण हीच सोय उलटतेही. २३-२४ नोव्हेंबर १९१४च्या रात्री फेस्तुबेअर येथे जर्मनांनी घेतलेला खंदक परत घ्यायचा होता, तेव्हा ३९व्या गढवाल रायफल्सचा नाईक दरवानसिंग नेगी प्रत्येक वळशावर सर्वांच्या पुढे राहून, जखमा अंगावर घेत, कप्प्यामागून कप्पा साफ करत गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूला अडवणारे प्रत्येक वळण त्या रात्री आपल्याच माणसाला अडवत होते.

बाकीची रचना सोपी आहे. पुढे मातीचा बांध, मागेही एक, आत उभे राहून नेम धरण्यासाठी पायरी, आणि मागच्या रांगेतून भाकरी, पाणी, दारूगोळा आणण्यासाठी व जखमी नेण्यासाठी नागमोडी जोडखंदक. नवखा माणूस पुढच्या बांधाकडे बघतो. मला वाटते, खंदकाचा जीव या मागच्या जोडखंदकात असतो.

इराकच्या सपाट गाळाच्या मैदानात मात्र हे पुस्तक थोडे बदलावे लागले. तिथे मैलोगणती टेकडी नाही, झाड नाही. खंदकापुढे बांध घातला की तोच शत्रूच्या तोफेला निशाणी. म्हणून तुर्कांनी खंदक अरुंद आणि खोल खणले आणि निघालेली माती दूर पसरून टाकली. दुपारच्या मृगजळात चालून येणाऱ्या शिपायाला समोर नुसते थरथरणारे मैदान दिसे. खंदक कुठे आहे हे गोळी सुटल्यावरच कळे. लाकूड नसल्याने छप्पर नाही, कडा धरून ठेवायला फळ्या नाहीत. कोरडी माती कुदळीला दाद देत नसे आणि ओली झाली की पाय सोडत नसे.

सप्टेंबर १९१५मध्ये कुतच्या अलीकडे एस-सिन येथे तुर्कांचे असेच उत्तम खंदक टाउनशेंडने जिंकले, पण समोरून नाही. त्याने रात्री फौज दलदलींच्या मधून फिरवून रांगेच्या टोकाला वळसा घातला. खंदकाला टोक असते आणि टोकाला पोहोचता आले तर त्याची सगळी खोली फुकट जाते. टेसिफॉनला हे पुन्हा साधेल, अशी आशा होती. २२ नोव्हेंबरला पहिली रांग पडलीही. दुसरी पडली नाही. सुमारे साडेचार हजार माणसे मेली किंवा जखमी झाली आणि उरलेली फौज तैग्रिसच्या काठाने मागे फिरली. ३ डिसेंबरला ती थकून कुतला पोहोचली.

कुत-अल-अमारा हे नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणात वसलेले गाव. तिन्ही बाजूंना पाणी, चौथी बाजू उत्तरेची, उघडी. नकाशावर बघितले तर बचावाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. हीच जागा अडकण्यालाही तितकीच चांगली आहे, हे त्याच नकाशावर दिसते. ६ डिसेंबरला घोडदळ बाहेर पाठवून दिले आणि ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. आत फौज, तिच्या मागचे हजारो नोकरचाकर आणि गावचे सुमारे सहा हजार लोक. गावकऱ्यांना टाउनशेंडने बाहेर काढले नाही. माणुसकी म्हणून हा निर्णय समजतो. पण धान्याच्या पोत्यांच्या हिशेबात ती सहा हजार तोंडे पहिल्या दिवसापासून होती.

थकलेल्या माणसांनी पोहोचल्या पोहोचल्या कुदळी घेतल्या. उघड्या बाजूला पूर्वेच्या किल्ल्यापासून पश्चिमेच्या नदीपर्यंत पहिली रांग, तिच्यात मातीच्या छोट्या गढ्या, मागे मधली रांग, तिच्याही मागे गावालगत तिसरी, आणि त्यांना जोडणारे जोडखंदक. किल्ला म्हणण्यापुरता, मातीच्या भिंतींचा चौकोन. तिथे १७व्या ब्रिगेडबरोबर १०३वी मराठा होती. नदीपलीकडे लोकरीच्या गठ्ठ्यांचा कारखाना असलेली एक वस्ती होती, तिथे ११०वी मराठा आणि १२०वी पलटण. त्यांच्या आणि गावाच्या मधे तैग्रिसचे पात्र.

नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, तुर्कांनी किल्ल्यावर हल्ला चढवला. तोफांनी भिंती काही तासांत फोडल्या. भगदाडातून तुर्क आत आले, संगिनी आणि हातबाँबनी लढाई झाली, रात्री पुन्हा हल्ला आला, आणि पहाटेपर्यंत तो परतवला गेला. भिंत आणि खंदक यांच्यातला फरक या एका रात्रीत दिसतो. उभी भिंत तोफेला हवी तशी सापडते आणि तिचे तुकडेच आतल्यांना लागतात. जमिनीतली माती गोळा गिळून टाकते. किल्ल्याची भिंत पडली. तिच्यामागे आणि बाजूला खणून बसलेली माणसे हलली नाहीत.

वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला वयोवृद्ध जर्मन फील्डमार्शल फोन डर गोल्ट्झ होता. त्याने या रात्रीचा अर्थ बरोबर ओळखला. पुन्हा जोराचा हल्ला करायचा नाही. कुतभोवती पुरेशी माणसे ठेवायची आणि खरी ताकद नदीच्या खालच्या अंगाला, मदतीला येणाऱ्या फौजेच्या वाटेवर खणून बसवायची. कुतचे खंदक फोडायची गरजच नव्हती. दुसरे खंदक फुटू दिले नाहीत म्हणजे झाले.

हे दुसरे खंदक हाना आणि सन्नैयात इथले. एका बाजूला तैग्रिस, दुसऱ्या बाजूला सुवैकियाची दलदल, मधे कोरड्या जमिनीची चिंचोळी पट्टी. हानाला ती जेमतेम मैलभर. एस-सिनला टाउनशेंडने जे टोक शोधले होते, ते इथे नव्हतेच. दोन्ही टोके पाण्यात. समोरून जाण्यावाचून वाट नाही, आणि समोर म्हणजे अरुंद, खोल, न दिसणारे खंदक, एकामागे एक.

मदतीच्या फौजेचा सेनापती एल्मर हा स्वतः इंजिनिअर अधिकारी. १८९१मध्ये हुंझा-नगरच्या मोहिमेत निल्ट किल्ल्याचा दरवाजा सुरुंगाने उडवल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. पण सुरुंगाला दरवाजा लागतो. इथे दरवाजा नव्हता, भिंत नव्हती, फक्त जमीन होती. १३ जानेवारी १९१६ला वादी नाल्यापाशी लढाई झाली. तिथे ९व्या भोपाळ पलटणीच्या छट्टा सिंग नावाच्या शिपायाने उघड्यावर पडलेल्या आपल्या जखमी अधिकाऱ्याची जखम बांधली आणि गोळ्यांच्या माऱ्यात, कमरेच्या लहानशा खणण्याच्या हत्याराने त्याच्यासाठी आडोसा खणला. मग अंधार पडेपर्यंत पाच तास स्वतःचे शरीर आड धरून तो शेजारी पडून राहिला. त्या साऱ्या मोहिमेत जे मैलोगणती खणले गेले, त्यात एका माणसासाठी एका माणसाने खणलेला हा हातभर खड्डा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

२१ जानेवारी. या एका तारखेत सगळे सापडते. त्या दिवशी हानावर हल्ला झाला. आदल्या दिवसांत पाऊस कोसळला होता. मोजकी माणसे पहिल्या खंदकात पोहोचली, मागून कुमक आली नाही आणि ती हुसकली गेली. सुमारे २,७०० माणसे पडली. जखमी रात्रभर पावसात चिखलात होते. औषधपाण्याच्या त्या हलाखीची पुढे लंडनमध्ये चौकशी झाली आणि १९१७मध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

त्याच दिवशी वर कुतमध्ये नदीचे पाणी पहिल्या रांगेत शिरले. बांध फुटला, गढ्या भरल्या, शिपाई छातीएवढ्या पाण्यातून मधल्या रांगेकडे मागे आले. समोर तुर्कांचीही तीच गत. दोन्हीकडची माणसे, जी आठवडे एकमेकांना दिसली नव्हती, ती उघड्यावर आली. गोळीबार झालाच, पण पाण्याने दोन फौजांना एका सकाळी जेवढे दूर केले, तेवढे तोफांना महिनाभरात जमले नव्हते. त्यानंतर सफरमैनाचे मुख्य काम खंदक खणणे हे राहिले नाही. बांध घालणे हे झाले. नदीकाठच्या शेतकऱ्याचे काम.

हानाची घाई कशासाठी होती? टाउनशेंडने कळवले होते की धान्य फेब्रुवारीच्या सुरुवातीपलीकडे पुरणार नाही. हानाचा पराभव झाल्यावर गावातली घरे झडली, लपवलेले धान्य निघाले, हिशेब नव्याने झाला आणि साठा एप्रिलपर्यंत जाईल, असे कळवले गेले. अपुरी तोफ, अपुरी फौज घेऊन त्या चिंचोळ्या पट्टीवर माणसे घातली ती एका चुकीच्या मोजणीपायी. घोडी मारून खाण्याचा विचारही आधीच्या हिशेबात नीट धरलेला नव्हता. टाउनशेंडच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. या मुद्द्यावर मला त्यांचे पटत नाही. वेढ्यात सापडलेल्या सेनापतीने पहिल्या आठवड्यात कोठारे मोजायची असतात.

८ मार्चला नदीच्या दुसऱ्या काठाने दुजैला गढीवर रात्रीची चाल झाली. वीस हजारांच्या आसपास फौज अंधारात न चुकता पोहोचली. पहाटे गढी जवळजवळ रिकामी होती. पण ठरलेल्या क्रमाप्रमाणे आधी तोफांनी नेम बसवायचा होता. तो बसवेपर्यंत काही तास गेले आणि तेवढ्यात तुर्कांनी खंदक माणसांनी भरले. खंदक रिकामा असतो तेव्हा तो नुसता चर असतो. दुपारच्या हल्ल्यांत सुमारे साडेतीन हजार माणसे पडली. कुतच्या छपरांवरून तोफांचे लोळ दिसत होते. एप्रिलमध्ये अखेर हाना पडले, पण त्यामागे सन्नैयात होते. ६, ९ आणि २२ एप्रिल असे तीन हल्ले तिथे फुटले. शेवटच्या वेळी शिपाई कमरेएवढ्या पाण्याने भरलेल्या खंदकांतून पुढे गेले आणि चिखलाने बंदुका चालेनात. मदतीच्या फौजेची हानी तेवीस हजारांच्या घरात गेली. आत अडकलेल्या लढवय्यांच्या दुपटीहून अधिक.

कुतमध्ये तोवर रोजचे पीठ औंसांत मोजले जात होते. घोड्याचे मांस खायला बरेच भारतीय शिपाई तयार नव्हते. धर्मपंडितांकडून अनुज्ञा मागवल्या, त्या आल्याही; पण गावी परतल्यावर जात विचारणार नाही याची हमी कोण देणार? एप्रिलमध्ये भूक वाढली तेव्हा पुष्कळांनी खाल्ले, उशिराने. भाजी म्हणून रानगवत उकडून खाल्ले जाई. हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत. पुढच्या रांगेतल्या तुकड्या बदलणेही थांबत गेले, कारण मागे चालत जाण्याचे त्राण नव्हते. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. काही नदीत, काही तुर्कांकडे पडली. दळायला दगड नव्हता तेव्हा जात्याचा दगडही विमानातून टाकला. २४ एप्रिलला 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन रात्री निघाली. ती वाटेत पकडली गेली.

इथे मराठी माणसाला पानिपत आठवणारच. १७६०च्या ऑक्टोबरअखेर भाऊसाहेबांनी पानिपताशी तळ दिला, भोवती खंदक खणला, तोफा बसवल्या. अब्दालीने तो खंदक फोडला नाही. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि तळात लष्कराबरोबर बाजारबुणगे व यात्रेकरू यांचीही तोंडे होती. १४ जानेवारी १७६१ला फौज खंदकाबाहेर पडली ती भुकेने. दोन प्रसंगांतले फरक मोठे आहेत आणि उपमा ताणू नये. पण पानिपतची फौज निदान बाहेर पडून लढली. कुतच्या फौजेत बाहेर पडण्याएवढे बळ उरले नव्हते, आणि पडायला वाटही नव्हती.

२९ एप्रिल १९१६ला, १४७ दिवसांनी, तोफा स्फोटाने निकामी करून कुतने शरणागती दिली. २७७ ब्रिटिश आणि २०४ भारतीय अधिकारी, २,५९२ ब्रिटिश आणि ६,९८८ भारतीय शिपाई, ३,२४८ नोकरचाकर. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर चांगल्या घरात राहिला. शिपाई वाळवंटातून पायी चालवले गेले. अनेक भारतीय कैद्यांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर लावले. ज्या हातांनी कुतचे खंदक खणले होते, त्यांच्या हातात पुन्हा फावडी आली. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. भारतीय शिपाई आणि नोकर हजारोंनी.

सन्नैयात अखेर फेब्रुवारी १९१७मध्ये नव्या सेनापतीने, मॉडने, घेतले. त्याच्याजवळ तोफा, बोटी आणि धान्य भरपूर होते, आणि त्याच वेळी त्याने कुतच्या वरच्या अंगाला नदी ओलांडून तुर्कांची परतीची वाट धोक्यात आणली. खंदकाला टोक नव्हते, पण मागे वाट होती.

पलटणी पुन्हा उभ्या झाल्या. १०३वीची झाली पहिली मराठा, 'जंगी पलटण'. ११०वीची तिसरी मराठा, आणि स्वातंत्र्यानंतर तीच दुसरी पॅराशूट बटालियन. ११ डिसेंबर १९७१ला बांगलादेशात टांगाइलजवळ शत्रूच्या मागे छत्र्यांनी उतरलेली ती बटालियन हीच, आणि पुंगळीच्या पुलाशी तिला येऊन मिळालेली पलटण पहिली मराठा. कुतला या दोघींच्या मधे एक नदी होती.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. त्यात बहुसंख्य भारतीय. भिंतीवर नावे कोरली ती ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची. भारतीय शिपायांची पलटणीवार नुसती संख्या. आपल्याकडे सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, एवढेच तिच्यावर असते. दोन आकडे. तैग्रिसचे नाव नाही, कुतचेही नाही.